सशाचं विरजण

ज्योत्स्ना : मोजल्या नाहीत ते ठीक आहे. पण शेवटची लेंडी कधी दिसली, ते तरी सांगा काका.

अमरेश : काल सकाळी चार-दोन पडल्या व्हत्या. एरवी हरभऱ्याएवढ्या असतेत, त्या मिऱ्यावानी बारीक झाल्त्या. आज एक बी न्हाई. तू जनावरांची डॉक्टर हाईस, पण साठी आली माझी. सशाच्या लेंड्यांचा हिशेब कुणी इचारील असं वाटलं नव्हतं.

ज्योत्स्ना : याचे कान धरून बघा. गार लागतात की नाही?

अमरेश : व्हय की. बर्फीचा ट्रे फ्रिजमधनं काढल्यावानी.

ज्योत्स्ना : आणि हा दातांचा करकर आवाज. कधीपासून करायलाय?

अमरेश : रात्रीपासनं. मला वाटलं कायतरी चावायलाय. मी खूश झालो, म्हणलं आमचा बत्ताशा खायलाय.

ज्योत्स्ना : दुखलं की ससा दात खातो काका. ओरडत नाही. कुबड काढून एका जागी बसतो आणि दात खातो. पोट बघा, नुसता ढोल झालाय. काय काय घालता याला खायला?

अमरेश : गवत.

ज्योत्स्ना : काका.

अमरेश : गवत बी घालतो, असं म्हणलो मी.

ज्योत्स्ना : आणि बाकी?

अमरेश : बाकी थोडं थोडं. सकाळी एक पेढा. दुपारी बालुशाहीचा चुरा, त्या चुऱ्याला काय वजन असतंय? रात्री काय न्हाई. रात्री फकस्त जिलेबी.

ज्योत्स्ना : जिलेबी. सशाला.

अमरेश : अर्धीच. पाक निथळून.

ज्योत्स्ना : धरा जरा याला, पाठीवरनं हात ठेवा, दाबू नका. सुई द्यायची आहे. कुणी सांगितलं तुम्हाला याला मिठाई घाला म्हणून?

अमरेश : सांगितलं न्हाई कुणी. तुला तर माहीत हाय, मला साखर निघाली. आमच्या पोरीनं, शैलश्रीनं, गोड बंद केलं माझं. हलवायाला गोड बंद, म्हणजे पुजाऱ्याला देवळात बंदी. दुकानात पाक चाखायचा तर नुसता वास घेतो अन् सांगतो, झाला म्हणून. त्यात तिची अम्मा, आमची गुरुबाई, गेली गुलबर्ग्याला, तिच्याच बाळंतपणाला. घरात मी अन् हे. मी ज्वारीची कोरडी भाकर घेऊन बसायचो, समोर हे बसायचं. ह्याला पेढा द्यायचो अन् खाताना बघायचो. ह्याच्या मिशा हलल्या की मला वाटायचं मीच खायलोय. अर्धं पोट बघूनच भरायचं.

ज्योत्स्ना : म्हणजे पथ्य तुमचं आणि अजीर्ण त्याला.

अमरेश : तसंच म्हण. बायकोनं सांगितलेलं ऐकलं, पोरीनं सांगितलेलं ऐकलं, डॉक्टरनं सांगितलेलं ऐकलं. तिघांचं ऐकलं अन् बिचाऱ्या चौथ्याचा जीव घ्यायला बसलो.

ज्योत्स्ना : शैलश्रीने हा ससा तुम्हाला कशाला आणून दिला होता? सांगितलं होतं तिने मला.

अमरेश : सांगितलं व्हय. मग कामून इचारायलीस?

ज्योत्स्ना : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

अमरेश : मी चालावं म्हणून. रोज पहाटे तळ्याकडं जायचं, बांधावरचं ताजं गवत कापून आणायचं. सशाचं पोट भरतंय अन् माझी साखर उतरती. एका दगडात दोन पक्षी. पहिला आठवडा गेलो बी. मग पाऊल दुखाय लागलं. मग मल्लप्पाला सांगितलं, तुझ्या रिक्षात येताना पेंढी टाकत जा. ते पेंढी आणायचं दोन-दोन दिवसांची, वाळलेली. मग हे गवताला तोंड लावीना. पेढ्याची चव लागलेल्यानं पेंढी कामून खावी? मी बी खाल्ली नसती.

ज्योत्स्ना : म्हणजे दगड एकच आणि दोन्ही पक्षी घायाळ. काका, तुम्हाला एक सांगते, नीट ऐका. सशाच्या आतड्याला शेवटाकडं एक पिशवी असते. मोठी. पोटातली निम्मी जागा तिचीच. गवताचा चोथा सशाला स्वतःला पचत नाही. तो त्या पिशवीत जातो. तिथं चांगले जंतू असतात, ते तो चोथा आंबवतात. त्यातून जे आम्ल निघतं, त्याच्यावर ससा जगतो. ससा गवत खातो असं आपल्याला दिसतं. खरं तर तो त्या जंतूंना गवत घालतो आणि ते त्याला पोसतात.

अमरेश : थांब. म्हणजे ह्याच्या पोटात जिलेबीचं पीठ हाय.

ज्योत्स्ना : पीठ?

अमरेश : भिजवून ठिवलेलं. कालचं खमीर थोडं बाजूला काढायचं, आजच्या पिठात घालायचं, झाकायचं. रातभर ते हळूहळू फुगतंय. सकाळी बोटानं बघायचं, तार धरली की कढई चढवायची.

ज्योत्स्ना : बरोब्बर तसंच. आता मला सांगा, त्या पिठात कुणी भिजवतानाच मूठभर साखर टाकली तर?

अमरेश : ऐन उन्हाळ्यात दुकानात कामाला असलेल्या भागम्मानं टाकली व्हती एकदा. साखर म्हणून न्हाई, रवा म्हणून. दुपारपर्यंत पीठ उसळून डेगातनं भायेर आलं, झाकण उडालं, अन् वास असा की गिऱ्हाईक रस्ता बदलून जायलेत. खमीरच बिघडलं. पुढं आठवडाभर जिलेबी जमली न्हाई. शेवटी... अगं बाई.

ज्योत्स्ना : हां.

अमरेश : ह्याच्या पोटात मी तेच करायलोय व्हय.

ज्योत्स्ना : पेढ्याची साखर, बालुशाहीचा मैदा, सगळं त्या पिशवीत जातं. चांगले जंतू उपाशी राहतात, वाईट माजतात. गॅस धरतो, आतडं थांबतं. एक आणखी विचारते. सकाळी हा मागं वाकून आपलीच लेंडी खातो का?

अमरेश : ते तू बोलूच नको. ती घाण सवय मी मोडली.

ज्योत्स्ना : मोडली?

अमरेश : तर काय. आमचं घर लिंगवंताचं. पूजेच्या टायमाला ह्यानं मागं तोंड घालायचं, अन् डोळे मिटून चघळायचं. मला कसंतरीच व्हायचं. मग मी युक्ती काढली. हे वाकलं रे वाकलं, की नाकापुढं पेढा धरायचा. हे पेढा घेतंय, तवर मी कागदानं ते उचलून फेकून देतोय. महिनाभरात सुधारलं बघ.

ज्योत्स्ना : काका, ती साधी लेंडी नसते. मऊ, चिकट, घोसासारखी असते. ती त्या पिशवीतनं येते. चोथा आंबवून तयार झालेलं सत्त्व असतं त्यात, आणि ते जंतू असतात. ससा ते परत खातो म्हणून त्याची पिशवी भरलेली राहते.

अमरेश : खमीर.

ज्योत्स्ना : खमीरच.

अमरेश : म्हणजे रोज सकाळी मी ह्याचं खमीर फेकलो अन् वर साखर घातलो. तीन पिढ्यांचा हलवाई मी. एखाद्या पोरानं दुकानात असं केलं असतं, तर त्याला त्याच दिवशी घरी लावला असता. मला कुठं लावावं?

ज्योत्स्ना : दुखायचं इंजेक्शन दिलंय. कातडीखाली पाणी सोडलंय, आतडं हलायचं औषध दिलंय. आता गोड काही नाही, धान्य नाही. फक्त गवत समोर ठेवा, खाल्लं तर खाईल.

अमरेश : वाचंल का?

ज्योत्स्ना : आजची रात्र काढली तर आशा आहे. खोटं सांगत नाही.

अमरेश : गुरुबाई रोज फोन करून आधी ह्याचं इचारती, मग माझं. परवापासनं मी 'झोपलंय' म्हणून सांगायलोय. ज्योत्स्ना, तुला म्हणून सांगतो. ह्याला काय झालं तर मी त्या ताटावर बसू शकायचा न्हाई. माझ्यासमोर जेवाय बसणारं सध्या एवढंच हाय.

ज्योत्स्ना : म्हणून ऐका. औषधानं आतडं हलेल, पण खमीर औषधातनं येत नाही. निरोगी सशाची तीच मऊ लेंडी, ताजी, याच्या पोटात गेली पाहिजे. पहाटे पडते ती. आमच्या आईकडं दोन ससे आहेत.

अमरेश : इंदिराक्काकडं.

ज्योत्स्ना : तुमच्या मागच्या भिंतीला लागून तर घर आहे.

अमरेश : तूच आणून देशील का?

ज्योत्स्ना : मी पहाटेच्या गाडीनं भालकीला चाललेय, जनावरांचं शिबिर आहे. तुम्हालाच जावं लागेल. मी आईला सांगून ठेवते.

अमरेश : जाऊन म्हणू काय?

ज्योत्स्ना : विरजण मागायला आलो म्हणा. आपल्याकडचं नासलं की शेजारी मागतोच ना आपण?

अमरेश : शेजारी मागतो. त्या भिंतीपल्याड आमच्या घरनं कुणी मागाय गेलेलं न्हाई अजून.

ज्योत्स्ना : मला माहीत आहे काका.

(दुसरा दिवस, पहाट. इंदिराबाईंच्या घरामागचं अंगण.)

इंदिराबाई : हलू नका अण्णा. तुम्ही हललाव की पाटील बिचकतंय, अन् बिचकलं की तासभर काय टाकत न्हाई.

अमरेश : पाटील?

इंदिराबाई : ह्याचं नाव. अंगणभर चरतंय, काम काय न्हाई, अन् सगळ्यांकडं मान वर करून बघतंय. दुसरं नाव सुचलं न्हाई.

अमरेश : गळ्यात काय घातलाव त्याच्या?

इंदिराबाई : पुठ्ठ्याची चकती. ज्योत्स्नानं सांगितलं तशी कापली. न्हाईतर हे पडू देतच न्हाई, थेट तोंड लावून गिळतंय. तुमच्या बत्ताशाची रात्र कशी गेली?

अमरेश : काढली. मी बी काढली, त्याच्याशेजारी. कान अजून गारच हायेत. अक्का, मला लई लाज वाटायलीय.

इंदिराबाई : कशाची?

अमरेश : सगळ्याचीच. बसवकल्याणातला नाव असलेला हलवाई पहाटे लोकाच्या अंगणात सशाच्या मागं वाटी धरून उकिडवा बसलाय. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

इंदिराबाई : आता ह्यात गाढव कोण? मी का पाटील?

अमरेश : न्हाई न्हाई. हरी बी मीच अन् गाढव बी मीच. तुम्ही दोघं नुसते बघायला.

इंदिराबाई : हसवू नका, ते बिचकतंय. अंगणवाडीत तीस वर्षं लेकरांच्या मागं अशीच बसले मी. मला सवय हाय. हे ससे बी तिथलेच, लेकरांना दाखवायला आणलेले. नोकरी सुटली, ससे ऱ्हायले.

अमरेश : मी एवढी वर्षं शेजारी ऱ्हातो, मला माहीतच न्हाई तुमच्याकडं ससे हायेत म्हणून. हे अंगणच आज बघायलोय.

इंदिराबाई : तुमच्या बाजूनं भिंत उंच हाय जरा.

अमरेश : घर आमचं जातपात मोडणाऱ्या बसवण्णांना मानणारं. बैठकीत फोटो केवढा मोठा हाय, तुम्ही बघितलाव की.

इंदिराबाई : बघितलाय. दार उघडं असलं की रस्त्यावरनं दिसतो.

अमरेश : रस्त्यावरनंच व्हय.

इंदिराबाई : असं काय बघायलाव? बोचावं म्हणून न्हाई म्हणलं. दिसतो म्हणून म्हणलं.

अमरेश : बोचलं तरी चालतंय. माझ्याकडं आज तोंडच न्हाई. निलम्मा असती, माझी आई, तर आत्ता मला काय म्हणली असती हेच डोक्यात घोळायलंय.

इंदिराबाई : तुमची आई वाईट नव्हती. आमच्या सासूबाई, सत्यभामाबाई, सांगायच्या. उन्हाळ्यात ताक केलं की त्या हाक मारायच्या. सासूबाई भिंतीखाली तांब्या धरायच्या, त्या वरनं ओतायच्या. एक थेंब बाहेर जायचा न्हाई, म्हणायच्या.

अमरेश : नेम चांगला व्हता अम्माचा.

इंदिराबाई : व्हय. तांब्याला हात लागू नये म्हणून नेम लागतोच.

अमरेश : अक्का, मी इनोद करायला गेलो अन् माझाच घास माझ्या घशात अडकला.

इंदिराबाई : अडकू द्या थोडा. ताक आम्ही आवडीनं पिलो, ते बी खरं. पण एक व्हतं. तुमच्याकडनं आमच्याकडं यायचं. आमच्याकडनं तुमच्याकडं काय बी जायचं न्हाई. सासूबाईंचं दही ह्या गल्लीत नावाजलेलं व्हतं. सुरीनं कापावं असं. तुमच्या घरचं विरजण कितीदा नासलं असंल, तुमची आई चौकापलीकडं लिंगम्माकडं जायची मागायला. सासूबाई दारातनं बघायच्या. एवढीच खंत व्हती त्यांना. 'माझं दही काय वाईट हाय का ग,' म्हणायच्या.

अमरेश : अन् आज मी मागाय आलो. अन् मागाय आलो तर हे.

इंदिराबाई : श्श. बघा, पाठ वाकवली. हलू नका.

अमरेश : श्वास बी घेत न्हाई.

इंदिराबाई : वाकलंय, पण तोंड पोचंना चकतीमुळं. पडली. पडली बघा.

अमरेश : ही व्हय? काळपट घोस हाय की. बारक्या तुतीवानी.

इंदिराबाई : तीच. घ्या उचलून.

अमरेश : हातानं?

इंदिराबाई : मग कशानं, वरनं ओतू?

अमरेश : घेतो, घेतो. ऊबदार हाय अजून. वास मात्र... भागम्माचं पीठ बरं म्हणायचं.

इंदिराबाई : फोडू नका, वाटीत अलगद ठिवा. कोमट पाण्याच्या दोन थेंबांत कालवून सुई नसलेल्या सिरिंजनं गालात सोडा, ज्योत्स्ना म्हणली. एकदम न्हाई. ते गिळंल तसं तसं. आज एक, उद्या परत या.

अमरेश : वाटी नेऊ?

इंदिराबाई : न्या की. आमच्या घरची पहिली वाटी तुमच्या घरात जायलीय. त्यात काय जायलंय ते बघा म्हणजे झालं.

अमरेश : मी ज्या लायकीचा, तेच जायलंय. न्हाई अक्का, चुकलं. ज्याच्यावर बत्ताशा जगणार हाय, ते जायलंय.

इंदिराबाई : हां, आता शहाण्यावानी बोललाव. अन् एक ध्यानात ठिवा. शेजारची वाटी रिकामी वापस करायची नसती.

अमरेश : मग पेढे आणतो.

इंदिराबाई : पाटलाला बी मारायचंय का?

*

(चार दिवसांनी, संध्याकाळ. इंदिराबाईंचं दार.)

इंदिराबाई : कोण हाय? दारातच कामून थांबलाव, आत या की.

अमरेश : मीच, अमरेश. चप्पल चिखलाची हाय अक्का, तळ्याकडनं सरळ आलो. ही घ्या तुमची वाटी. रिकामी न्हाई.

इंदिराबाई : वाटीत दूर्वा, अन् काखेत ही मोळी कशाची?

अमरेश : सगळं पाटलाला. वाटीत मावलं न्हाई. आज माझ्या हातानं कापलंय, मल्लप्पाच्या रिक्षातलं न्हाई.

ज्योत्स्ना : आई, कोण आलंय? काका, तुम्ही? बत्ताशा कसा आहे?

अमरेश : बरा हाय, तुझ्याच हातगुणानं. आज दुपारी टाकल्या. हरभऱ्याएवढ्या, टणक, गोल. मी खाली बसून एक-एक बघितली. गुरुबाईला लगेच फोन लावला. ती म्हणली, नातू झाल्याचं कळवलं तवा बी एवढं ओरडला नव्हताव.

ज्योत्स्ना : गवत खातोय?

अमरेश : खायलाय. काडी आत ओढतंय सुतळीवानी. अन् सकाळी मागं वाकलं. मी उठून भायेर गेलो, दार ओढून घेतलं. म्हणलं, बाबा, तुझं तू खा. माझं काय चुकायचं ते चुकून झालंय.

ज्योत्स्ना : आणि तुमची साखर? तपासली का?

अमरेश : तपासली. उतरलीय थोडी. चार दिवस तळ्यापर्यंत गेलो की. सशाच्या पोटासाठी चाललो, माझ्या पोटासाठी पाऊल उचलत नव्हतं.

ज्योत्स्ना : बसा, चहा टाकते. बिनसाखरेचा.

अमरेश : टाक. अक्का, तुमच्याकडं एक काम व्हतं.

इंदिराबाई : बोला.

अमरेश : गुरुबाई येणार हाय परवा, लेक अन् नातवाला घेऊन. ती गेल्यापासनं घरातलं विरजण नासलेलं हाय. मला लावायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. ह्या वाटीत जरा विरजण द्याल का? ह्या खेपेला खरं. दह्याचं.

इंदिराबाई : ही वाटी? जिच्यात ते नेलं ती?

अमरेश : चिंचेनं घासली, राखेनं घासली, उकळत्या पाण्यात ठिवली. न्हाई तर दुसरी द्या. पण तुमच्याच घरची द्या.

इंदिराबाई : दिवेलागण झाली अण्णा. ह्या टायमाला विरजण देत न्हाईत घरातनं. लक्ष्मी जाती म्हणतेत.

अमरेश : तुम्ही बुद्धाचे, मी बसवण्णांचा. आपल्या दोघांत ते मानायचं कुणी?

इंदिराबाई : ते बी खरं. पण माझी एक अट हाय.

अमरेश : सांगा.

इंदिराबाई : भिंतीवरनं देणार न्हाई. दारातनं देईन, हातात.

अमरेश : हात पुढंच हाय अक्का.

इंदिराबाई : सासूबाईंच्याच दह्याचं हाय हे. त्या गेल्या तरी मोडू दिलं न्हाई मी, रोज आदल्याचं उद्याला लावत आले. घ्या. धरा नीट. दूध तापवून कोमट करून ठिवावं लागंल.

अमरेश : ठिवूनच आलोय.

इंदिराबाई : मग आता लावा, झाका, अन् सकाळपर्यंत हलवू नका.